रोपवाटिकेत नॅनो युरिया आणि नॅनो डीएपी: किती, केव्हा आणि कशाच्या जोडीला

सिन्नर तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न असा आहे: शेडनेटमध्ये ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये टोमॅटो आणि मिरचीची रोपे टाकली आहेत. टोमॅटो सोळा दिवसांचा झाला, पण रोपे फिकट आणि काटकुळी आहेत, पानांवर काळोखी (गडद हिरवा रंग) येत नाही. दुकानदाराने नॅनो युरिया (नत्र देणारे) आणि नॅनो डीएपी (नत्र आणि स्फुरद देणारे) या अतिसूक्ष्म कणांच्या द्रव खतांची एकेक बाटली दिली आणि आता विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळवून द्यायच्या खतांची गरज नाही, असे सांगितले. लिटरला किती मिली घ्यावे, फवारणी करावी की आळवणी (द्रावण मुळाशी ओतणे), आणि गादीवाफ्यावर टाकलेल्या कांद्याच्या रोपालाही हेच चालेल का?

मात्रेचा प्रश्न सोपा आहे, ती बाटलीवरच छापलेली असते. पण या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला आहे, आणि उत्तर आधी त्याचे दिले पाहिजे. रोप फिकट का पडले, आणि त्याला जे कमी पडते आहे ते या बाटलीतून पुरेशा प्रमाणात मिळू शकते का? मी नाशिक जिल्ह्यात भाजीपाल्याची रोपवाटिका चालवतो आणि आसपासच्या शेतकऱ्यांना रोपांविषयी सल्ला देतो. माझे मत थोडक्यात असे की नॅनो खत हे रोपाच्या नियमित अन्नाच्या जोडीला, ठरावीक वेळी आणि ठरावीक कारणासाठी द्यायचे असते. नियमित अन्न बंद करून त्याच्या जागी ते दिले, तर रोप उपाशी राहते. हे मी का म्हणतो, ते आकड्यांवरून पाहू.

सव्वीस-सत्तावीस दिवसांचे, लागवडीला तयार झालेले टोमॅटोचे रोप पूर्ण वाळवले तर त्याचे वजन साधारण पाव ग्रॅम भरते. त्यात चार टक्के नत्र धरले तर एका रोपात दहा मिलिग्रॅम आणि ९८ रोपांच्या एका ट्रेमध्ये जवळपास एक ग्रॅम नत्र असते. म्हणजे लागवडीपर्यंत एका ट्रेला एवढे नत्र कुठून तरी मिळालेच पाहिजे. आता फवारणीचा हिशेब करा. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या नॅनो युरियात चार टक्के नत्र होते. लिटरला चार मिली घेतले, तर त्या लिटरभर पाण्यात ०.१६ ग्रॅम नत्र आले. एका ट्रेवर आपण पन्नास मिली द्रावण फवारतो असे धरले, तर ट्रेवर पडले आठ मिलिग्रॅम. गरज एक हजार मिलिग्रॅमची आणि एका फवारणीतून मिळाले आठ, तेही सगळे पानावरच पडले असे मानून. सोळा दिवसांच्या रोपाची पाने ट्रे पूर्ण झाकत नाहीत, त्यामुळे त्यातले बरेचसे कोकोपीटवर (ट्रेत भरलेल्या नारळाच्या भुश्यावर) आणि ट्रेच्या कडांवर जाते. अलीकडे वीस टक्के नत्राचा नॅनो युरियाही आला आहे, म्हणून बाटलीवरचा आकडा आधी वाचा. तो घेतला तरी पन्नास मिली द्रावणातून चाळीस मिलिग्रॅमच मिळतात.

याच्या शेजारी १९:१९:१९ हे विद्राव्य खत (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) ठेवून पाहा. लिटरला दोन ग्रॅम घेऊन ट्रेला अर्धा लिटर आळवणी केली, तर एका वेळेला १९० मिलिग्रॅम नत्र जाते. अशा पाच-सहा आळवण्यांत रोपाची गरज भागते, आणि सोबत स्फुरद आणि पालाशही मिळते. विद्राव्य खतांची गरज नाही हे दुकानदाराचे म्हणणे या हिशेबात टिकत नाही.

शेतातल्या पिकाबद्दलचा वादही याच हिशेबाभोवती फिरतो. इफ्को या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेने ३१ मे २०२१ रोजी नॅनो युरिया जाहीर केला, तेव्हा अर्ध्या लिटरची एक बाटली ४५ किलोच्या युरियाच्या गोणीला पर्याय ठरेल, असे सांगण्यात आले. गोणीत ४६ टक्क्यांच्या हिशेबाने वीस किलोंहून थोडे जास्त नत्र असते आणि त्या बाटलीत वीस ग्रॅम, म्हणजे फरक हजारपटीचा. इफ्कोने देशभरात ९४ पिकांवर अकरा हजारांहून अधिक शेतकऱ्यांच्या शेतांवर चाचण्या घेतल्याचे आणि उत्पादनात सरासरी आठ टक्के वाढ झाल्याचे सांगितले. दुसरीकडे लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात, वरखताचा, म्हणजे उभ्या पिकाला द्यायचा नेहमीचा युरिया कमी करून नॅनो युरियाच्या फवारण्या दिल्यावर भाताचे उत्पादन १३ टक्क्यांनी आणि गव्हाचे २१.६ टक्क्यांनी घटले, आणि दाण्यातले नत्रही कमी भरले. मी या दोन्हींतून एकच धडा घेतो: मूळ खत पूर्ण देऊन वर फवारणी करणे आणि मूळ खत कापून फवारणी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुद्द इफ्कोच्या सूचनेतही डीएपी किंवा संयुक्त खतातून मिळणारे नत्र कमी करू नये, असे म्हटले आहे. रोपवाटिकेत तर सगळे खत सुरुवातीचेच असते, त्यामुळे तिथे कापण्यासारखे काहीच नसते.

मग नॅनो हे सगळे निरर्थक आहे का? तसे मी म्हणणार नाही, कारण कोणत्या अन्नद्रव्याचे नॅनो यावर बरेच अवलंबून असते. कणाचा आकार नॅनोमीटरमध्ये आणला की त्याच वजनात पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि कण लवकर विरघळतो किंवा पानाला जास्त चिकटतो. जो पदार्थ पाण्यात मुळात विरघळतच नाही, त्याच्या बाबतीत हा मोठा फायदा आहे. झिंक ऑक्साइड हे त्याचे उत्तम उदाहरण. साध्या भुकटीच्या रूपात ते पाण्याच्या तळाशी बसते, तर नॅनो रूपात ते पसरते आणि जस्त हळूहळू सुटे होते. युरियाची गोष्ट उलटी आहे. साधा युरिया वीस अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात एक किलोहून अधिक विरघळतो, आणि विरघळल्यावर त्याचे जे रेणू होतात ते एका नॅनोमीटरपेक्षाही लहान असतात. साधा युरिया पाण्यात टाकला की तो नॅनो युरियाच्या वीस ते पन्नास नॅनोमीटरच्या कणाहूनही बारीक होतो. त्यामुळे युरियाच्या बाबतीत निव्वळ आकारामुळे काय वेगळे साधते, याबद्दल मी सावध आहे. जस्त आणि काही प्रमाणात स्फुरद यांच्याबद्दल माझी अपेक्षा जास्त आहे.

जस्ताबद्दल मात्र एक इशारा इथेच देतो. प्रयोगशाळेत नॅनो झिंक ऑक्साइडने भुईमुगाच्या बियाण्याची उगवण आणि रोपाचा जोम दशलक्ष भागांत एक हजार भाग या प्रमाणापर्यंत वाढल्याचे २०१२ मध्ये आंध्रातील शास्त्रज्ञांनी दाखवले, आणि त्याच प्रयोगात दोन हजार भागांना परिणाम उलटा झाला. त्याआधी २००७ मध्ये अमेरिकेत मुळा, मोहरीवर्गीय पीक आणि राय गवतावर केलेल्या प्रयोगात वीस ते पन्नास भागांच्या आसपासच मुळांची वाढ निम्म्यावर आली होती. म्हणजे भुईमुगाला मानवणारे प्रमाण मुळ्याच्या कोवळ्या मुळाला विष ठरू शकते. बारीक बियाण्याच्या पिकात, आणि टोमॅटो, मिरची, कांदा ही सगळी त्यातलीच, लेबलपेक्षा जास्त मात्रा घेऊन बघू, हा विचार करू नये.

आता तुमच्या फिकट रोपांकडे येऊ. इथे परिस्थितीनुसार उत्तर बदलते, म्हणून बाटली उघडण्याआधी ही पाहणी करा. ट्रेच्या मधल्या भागातून आणि कडेकडून चार-पाच रोपे गड्ड्यासह अलगद उपसा. पांढऱ्या मुळ्यांची जाळी गड्ड्याभोवती दिसते का, की मुळ्या मोजक्याच असून टोके तपकिरी झाली आहेत? कोकोपीट हातात दाबून वास घ्या. आंबूस वास आला तर पाणी जास्त होते आहे आणि मुळ्यांना हवा मिळत नाही. अशा मुळ्या खत उचलत नाहीत, मग ते नॅनो असो की साधे. ट्रेला पाणी दिल्यानंतर खालून निथळलेले पाणी गोळा करून ईसी मीटरने (पाण्यातल्या क्षारांचे प्रमाण दाखवणाऱ्या यंत्राने) मोजा. आकडा दीडच्या (मिलिसिमेन्स प्रति सेंटीमीटर) वर असेल तर कोकोपीट नीट धुतलेले नाही किंवा तुमच्या बोअरचे पाणीच खारे आहे. तिथे खत वाढवणे म्हणजे रोप जाळणे होय. आधी चांगल्या पाण्याने दोन वेळा निचरा काढा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये सोडियम आणि पालाश भरपूर असते आणि ते कॅल्शियम पकडून ठेवते, म्हणून धुतल्यावर कॅल्शियम नायट्रेटची हलकी आळवणी उपयोगी पडते.

त्यानंतर फिकटपणा नेमका कोणत्या पानावर आहे ते पाहा. खालची जुनी पाने आणि बीजपत्रे (उगवतानाची पहिली दोन पाने) आधी पिवळी पडत असतील आणि वरची हिरवी असतील, तर नत्र कमी आहे. वरची कोवळी पाने पिवळी, पण शिरा हिरव्या असतील, तर लोह कमी आहे. आपल्याकडे बोअरच्या पाण्याचा सामू साडेसात-आठच्या घरात असतो, तेव्हा हे वारंवार दिसते आणि नत्राने बरे होत नाही. चिलेटेड लोह, म्हणजे रोपाला उचलता येईल अशा रूपातले लोह द्यावे लागते. पानाची खालची बाजू जांभळट असेल तर स्फुरद रोपात पोहोचत नाही. थंडीत हे हमखास होते, कारण मुळ्यांचे कामच मंदावते. निफाड-सिन्नरकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली गेला की एका रात्रीत रोपांचा रंग बदललेला दिसतो. आणि रोप फिकट असण्यापेक्षा लांबट असेल, म्हणजे दोन पानांमधले अंतर जास्त असेल आणि खोड हाताला लवचीक लागत असेल, तर खताआधी सावली कमी करा. जास्त सावलीच्या जाळीखाली, दाटीत, संध्याकाळी भरपूर पाणी देऊन वाढवलेले रोप काटकुळेच होणार. त्यावर नत्र मारले तर ते आणखी लांबेल, लुसलुशीत होईल आणि बुंध्यापाशी कोलमडेल.

तुमच्या वर्णनात फिकट आणि काटकुळी हे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत, म्हणून माझा पहिला संशय सावली आणि पाण्यावर आहे, दुसरा नत्रावर.

माझ्या रोपवाटिकेत मी काय करतो ते सांगतो. पहिली खरी पाने दिसेपर्यंत काहीही देत नाही, कारण तोवर रोप बियातल्या साठ्यावर जगते. त्यानंतर १९:१९:१९ लिटरला एक ग्रॅमने सुरू करून आठवडाभरात दोन ग्रॅमपर्यंत नेतो, आणि एकाआड एक आळवणीला कॅल्शियम नायट्रेट लिटरला एक ग्रॅम देतो. ही दोन्ही एका टाकीत कधीही मिसळत नाही, कारण कॅल्शियम आणि स्फुरद एकमेकांना धरून पांढरा साका तळाशी बसतो. शेवटचे पाच-सहा दिवस नत्र बंद करतो, पाणी तोडतो आणि जाळी काढतो, म्हणजे रोप कणखर होते.

या वेळापत्रकात नॅनोला मी दोनच जागा देतो. पहिली जागा थंडीच्या दिवसांत. रोप तीन-चार पानांचे झाले आणि पान जांभळट दिसू लागले, की नॅनो डीएपी लिटरला दोन मिली घेऊन एकच फवारणी करतो, कारण त्या वेळी मुळाकडून स्फुरद वर येत नाही आणि पानाचा मार्ग तेवढा मोकळा असतो. इथेही खर्चाची तुलना करून घ्यावी. नॅनो डीएपीत आठ टक्के नत्र आणि सोळा टक्के स्फुरद असते, आणि २०२३ मध्ये अर्ध्या लिटरची बाटली सहाशे रुपयांना आली. लिटरला चार मिली घेतले तर जेवढे स्फुरद मिळते, जवळपास तेवढेच १२:६१:० हे विद्राव्य खत एक ग्रॅम घेतल्यावर मिळते. पहिल्याचा खर्च लिटरमागे पाच रुपयांच्या जवळ जातो, दुसऱ्याचा काही पैशांत होतो. तरीही मी थंडीत नॅनो वापरून पाहतो, कारण पानाला न जळवता स्फुरद देण्याचा तो एक मार्ग आहे. मात्र १२:६१:० हाताशी असेल तर केवळ नॅनोसाठी दुकानात धावण्याची गरज नाही.

दुसरी जागा पुनर्लागवडीच्या वेळी मुळे बुडवण्याची. नॅनो डीएपी लिटरला तीन ते पाच मिली या प्रमाणात मुळांसाठी सुचवलेले आहे. ट्रेच्या रोपाचा कोकोपीटचा गड्डा द्रावण स्पंजासारखा ओढून घेतो, म्हणून मी तीन मिलीच घेतो आणि गड्डा ओला होईपर्यंतच बुडवतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत टाकलेले स्फुरद लवकर बांधले जाते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात नव्या मुळ्या फुटेपर्यंत गड्ड्यातच थोडे स्फुरद असणे, ही कल्पना मला पटते.

बीजप्रक्रियेबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पुढच्या हंगामात कोणीतरी सुचवील. नॅनो डीएपीची मात्रा किलोभर बियाण्याला तीन ते पाच मिली आहे. गहू, हरभरा, सोयाबीन यांना ते सरळ लागू होते. टोमॅटोच्या दहा ग्रॅमच्या पाकिटाला त्या हिशेबाने ०.०५ मिली, म्हणजे जेमतेम एक थेंब लागतो, आणि तेवढा थेंब तीन हजारांवर बियांना सारखा चोळता येत नाही. शिवाय संकरित बियाणे बुरशीनाशकाचे रंगीत आवरण चढवूनच येते. ते ओले करून पुन्हा सुकवल्यास आवरण निघून जाते आणि उगवणीच्या वेळी रोप मरीला बळी पडते. म्हणून पाकिटातल्या भाजीपाला बियाण्याला हे करू नका.

फवारणी की आळवणी, याचे उत्तर फवारणी. एवढी पातळ मात्रा कोकोपीटमध्ये ओतली तर तिचा वेगळा उपयोग होत नाही. बाटली वापरण्याआधी जोरात हलवा, कारण कण तळाशी बसतात. पानावर दव नसताना सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर, बारीक तुषार पडतील अशा नोझलने फवारा. कीडनाशक किंवा दुसऱ्या खताबरोबर मिसळायचे असेल तर आधी बरणीत थोडे मिसळून तासभर ठेवा. गुठळ्या किंवा साका दिसला तर मिसळू नका. जड पाण्यात हे विशेष पाहावे. हातमोजे आणि मास्क वापरा, आणि शेडनेट बंदिस्त असेल तर फवारताना बाजूचे पडदे वर करा.

म्हणून या आठवड्यात तुम्ही असे करावे: निथळलेल्या पाण्याची ईसी मोजा, सावली कमी करा, पाणी फक्त सकाळी द्या, खालची पाने पिवळी असतील तर १९:१९:१९ लिटरला दोन ग्रॅमची आळवणी चालू करा, आणि मिरचीला हेच वेळापत्रक पस्तीस-चाळीस दिवसांपर्यंत ताणा. बाटल्या आणल्याच आहेत, तर त्यांची परीक्षा घ्या.

ही परीक्षा नीट झाली पाहिजे, कारण फवारणीनंतर चार दिवसांनी रोप हिरवे दिसले की श्रेय बाटलीला जाते, आणि त्याच चार दिवसांत रोप तसेही वाढलेले असते. एकाच पाकिटाच्या बियाण्याचे, एकाच दिवशी टाकलेले ट्रे घ्या. काहींवर साधे पाणी फवारा, काहींवर लेबलप्रमाणे नॅनो युरिया, आणि काहींवर तेवढ्याच नत्राचा साधा युरिया. चार टक्क्यांच्या बाटलीचे चार मिली म्हणजे साध्या युरियाचा ग्रॅमचा एक तृतीयांश भाग, म्हणून तीन लिटर पाण्यात एक ग्रॅम युरिया विरघळवला की बरोबरी होते. हा तिसरा गट बहुतेक प्रात्यक्षिकांत नसतो, आणि नॅनो असण्याने काय फरक पडला हे त्याच्याशिवाय कळत नाही. विद्राव्य खताची आळवणी तिन्ही गटांना सारखीच द्या. ट्रेच्या जागा दर दोन दिवसांनी बदला, कारण शेडनेटच्या कडेचे ट्रे लवकर वाळतात आणि मधले ओले राहतात. शेवटी उंची मोजू नका. बीजपत्राखालच्या खोडाची जाडी, खऱ्या पानांची संख्या आणि गड्डा उपसल्यावर तो न फुटता हातात येतो का, हे पाहा. शक्य असेल तर प्रत्येक गटातली वीस रोपे मुळे धुऊन वाळवा आणि सोनाराच्या काट्यावर वजन करा. पाण्याच्या आणि नॅनोच्या गटांत फरक दिसला, पण साध्या युरियाच्या गटातही तोच दिसला, तर पुढच्या वेळी साधा युरियाच घ्या.

कांद्याचे उत्तर थोडे वेगळे आहे. गादीवाफ्यावरच्या रोपाला मातीतून आणि शेणखतातून अन्न मिळत असते, त्यामुळे तिथे ट्रेइतकी उपासमार नसते. कांद्याची पात उभी आणि मेणचट असते, तिच्यावर थेंब ठरत नाही, म्हणून फवारायचे झाल्यास स्टिकर (द्रावण पानाला चिकटवणारे द्रव्य) घालावाच लागतो. पात पिवळी पडली असेल तर आधी वाफ्यात पाणी साचते का आणि पातीवर करप्याचे ठिपके आहेत का ते पाहा, कारण त्या दोन्हींवर नत्राचा उपाय नाही. पण कांद्याचे रोप उपटून मोकळ्या मुळांनी लावले जाते, आणि म्हणूनच मुळे बुडवण्याचा प्रयोग करायला ते टोमॅटोपेक्षा सोयीचे आहे. रब्बीच्या लागणीत, साधारण पन्नास दिवसांचे रोप उपटून जुड्या बांधल्यावर मुळांची माती झटका, पात वर धरून फक्त मुळे नॅनो डीएपीच्या लिटरला तीन मिली द्रावणात वीस मिनिटे ठेवा, सावलीत निथळू द्या आणि त्याच दिवशी लावा. बुरशीनाशकात बुडवणार असाल तर ते वेगळ्या बादलीत करा. दोन वाफे न बुडवलेल्या रोपांचे ठेवा, त्यांना खुंटी मारून खूण करा, आणि पंधरा दिवसांनी दोन्हींकडची चार-चार रोपे उपटून नव्या पांढऱ्या मुळ्या शेजारी शेजारी ठेवून मोजा.